घराची भुई

इतिहासाचा अभ्यासक नव्या गावी गेला म्हणजे त्याची दृष्टी प्रथम वर जाते. शिलालेख भिंतीवर असतो, कमान दारावर असते, घुमट त्याहून उंच असतो. आणि ज्या भुईवर उभे राहून तो हे सर्व न्याहाळीत असतो, तिच्याकडे वाकून पाहण्याचे त्याच्या सहसा मनात येत नाही. हा दोष आम्ही इतरांच्याच पदरी बांधतो असे नाही. तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवीत असता तो आमच्याही हातून नित्य घडत आला आहे. आणि जुन्या जालन्यातील आमच्या राहत्या घराची जमीन उखडून तीवर भाजलेल्या मातीची चकचकीत फरशी, म्हणजे आज लहानथोर सर्वजण जिला नुसते ‘टाईल’ म्हणतात ती, बसविण्याचा प्रसंग आला नसता, तर तो यापुढेही घडत राहिला असता.

निमित्त साधे होते. ओसरीतील व माजघरातील शहाबादी फरशी जागोजाग झिजून खोलगट झाली होती, सांध्यांतला चुना निघून गेला होता, आणि ऐंशी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींचा पाय एकदा वर आलेल्या कडेला अडखळला होता. पत्नीने व मुलांनी नव्या फरशीचा ठराव मांडला. विरुद्ध मत एकट्या आमचे पडले. आजोबांनी बसविलेला दगड काढून त्या जागी कारखान्यातला चौकोन आणावयाचा, हे आम्हांस रुचेना. बोलण्याच्या भरात आम्ही दगडाच्याही मागे गेलो, आणि लहानपणी स्वयंपाकघरात असलेल्या सारवलेल्या भुईचे गुणगान आरंभिले: तिचा गारवा, ओल्या सारवणाचा वास, तीवर उमटलेली बोटांची अर्धवर्तुळे. मातोश्रींनी सर्व ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, ‘तुला सारवण आठवतं. मला गुडघे आठवतात.’

त्या एका वाक्याने आमचा पक्ष पडला. परंतु त्याच वाक्याने आम्हांस विचारास लावले. भिंत एकदा उभी राहिली म्हणजे तिच्यापुढे कोणी नित्य वाकत नाही. भुई मात्र रोज कोणाला तरी वाकावयास लावते. तेव्हा भुईचा इतिहास म्हणजे केवळ माती, दगड आणि सिमेंट यांचा इतिहास नव्हे. तीवर कोण वाकले, आणि ते वाकणे पुढे कोणाकडे गेले, याचाही तो इतिहास असला पाहिजे. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने आमच्या गावच्या भुईकडे पाहण्याचे योजिले आहे.

कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग केले आहेत: एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवा जालना, ज्याचे जुने नाव कादराबाद. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण व्यापारी पेठेच्या भरभराटीची साक्ष देते. जमशेदखानाने १५७८ साली बांधलेली काळी मशीद आणि निजाम-उल-मुल्क असफजाह याच्या अमदानीत १७२५ साली उभा राहिलेला मस्तगड, ह्यांची माहिती जिल्ह्याच्या गॅझेटियरात मिळते. तथापि त्या मशिदीच्या सावलीत आणि त्या गडाच्या परिसरात जी हजारो घरे चार शतके नांदली, त्यांच्या भुईविषयी गॅझेटियर मुके आहे. सुदैवाने मजुराची पहार मुकी नसते.

आमच्या ओसरीत पहिली पहार पडली तेव्हा शहाबादीच्या खाली विटांच्या तुकड्यांचा व चुन्याचा थर निघाला. त्याच्या खाली धुमसाने चोपलेली पांढरी माती होती. आणि त्या मातीच्या माथ्यावर, ठिसूळ पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक चढलेले, काळपट रंगाचे थर. वहीची पाने भिजून चिकटावीत तसे ते दिसत होते. ते सारवणाचे थर होते. आजोबांनी दगड बसविला त्यापूर्वी आमच्या पणजीने आणि तिच्याही सासूने हाताने चढविलेले. मजुराने ते घमेल्यात भरून बाहेर नेले. आम्ही एक मूठभर तुकडा बाजूस ठेविला. तो आमच्या लिहिण्याच्या मेजावर अद्याप आहे.

सारवलेली भुई ही आपल्याकडे किती जुनी, याचे उत्तर उत्खननांनी दिले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन वस्ती उघडी केली. तेथील तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनी चोपलेल्या मातीच्याच आहेत. जवळचा दाखला हवा असल्यास आमच्याच जिल्ह्यातील भोकरदन घ्यावे. हे सातवाहनकालीन भोगवर्धन. नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी १९७३ साली तेथे उत्खनन केले. तेथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीच्या घडणीची आहे, हे अभ्यासकांस ठाऊक आहेच. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. तेव्हा त्यापूर्वीच दख्खनच्या कारागिरीचा माल समुद्रापलीकडील श्रीमंतांच्या घरी पोहोचला होता. त्या घरांच्या जमिनी रंगीत दगडांचे बारीक तुकडे जडवून केलेल्या होत्या. मूर्ती गेली, मद्याचे कुंभ आले, नाणी आली; पण ती जमीन काही इकडे आली नाही. हस्तिदंत गाठोड्यात बांधता येते, जमीन बांधता येत नाही. रेल्वे येईपर्यंत सामान्य घराची भुई ही त्या त्या गावच्याच मातीची असे. आणि हा नियम जवळजवळ दोन सहस्र वर्षे टिकला.

ह्या भुईची रीत आता तरुण वाचकांस सांगावी लागेल. पांढरीची माती आणून, भिजवून, पसरून ती धुमसाने चोपावयाची. ती वाळत असता पुन्हा पुन्हा चोपावयाची, म्हणजे भेगा मिटतात. मग तीवर शेणकाल्याचा हात. शेणातील गवताचे सूक्ष्म धागे मातीस एकमेकांत गुंतवून धरतात, म्हणून धूळ उडत नाही आणि पापुद्रा चटकन सुटत नाही. परंतु पायांनी तो झिजतोच. म्हणून चुलीपुढे रोज, इतरत्र आठवड्याने, आणि सणावारी सर्व घरभर, पोतेरे घेऊन किंवा नुसत्या तळव्याने पुन्हा सारवावयाचे. अंगणातला सडा वेगळाच. आपल्या जुन्या वाङ्मयात सडासंमार्जन हा शब्द भक्तिभावाने येतो. तो भाव खरा आहे, पण त्यामागे एक शरीर आहे, हे वाचताना आपण विसरतो.

त्या शरीराचा हिशेब एकदा मांडून पाहावा म्हणून आम्ही कागद घेतला. मातोश्री १९६२ साली ह्या घरात सून म्हणून आल्या. स्वयंपाकघरात दगड बसला तो १९८२ साली. खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. आठवड्यास एकच सारवण धरले आणि चुलीपुढचे रोजचे सारवण, सण, सोयर, पाहुणे हे सर्व सोडून दिले, तरी वीस वर्षांत एक हजार चाळीस वेळा. म्हणजे एक लाख चोवीस हजार आठशे चौरस फूट. एकराचे त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट होतात. येणेप्रमाणे आमच्या मातोश्रींनी गुडघ्यांवर बसून, हाताच्या तळव्याने, पावणेतीन एकरांहून अधिक जमीन सारविली. इतक्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावे असता तर त्यास गावात मान मिळाला असता.

आता दगडाकडे वळू. जालन्याच्या आसपास दगडाचा तुटवडा नाही. किंबहुना दगडावरच सर्व प्रदेश वसलेला आहे. मग घराघरांत दगडी जमीन का नव्हती? ह्याचे कारण त्या दगडाच्या जातीत आहे. आपला काळा पाषाण हा लाव्ह्याचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो वाहत आला आणि गोठला. त्यास थर सुटत नाहीत. पातळ लादी हवी तर पाथरवटाने छिन्नीने एकेक पृष्ठ घडवावे लागते. एवढी मजुरी देवळास, मशिदीस, घाटास, फार तर वाड्याच्या जोत्यास व उंबऱ्यास परवडे, स्वयंपाकघरास नव्हे. म्हणून ऐपतदार माणूस दगड सोडून चुन्याकडे वळे. काळ्या जमिनीत मिळणाऱ्या चुनखडीचे खडे भाजावयाचे, बैलाच्या घाणीत चुना मळावयाचा, आणि विटांच्या कपच्या घालून त्याचा कोबा चोपावयाचा. कोबा गुळगुळीत व टिकाऊ. पण त्याचीही मजुरी थोडी नव्हे. तेव्हा वाड्याचा धनी असो की झोपडीतला मजूर, चूल जेथे पेटे तेथील भुई बहुधा सारखीच, सारवलेली. ह्या समतेचे काही लोक कौतुक करतात. ते कौतुक करताना हे लक्षात ठेवावे, की मोठ्या वाड्यात सारवणाचे क्षेत्रही मोठे असे.

आणि ज्या चकचकीत फरशीपासून हा लेख सुरू झाला, ती आमच्या मुलखास अगदीच अनोळखी होती काय? नव्हती. चिनी रोगण चढविलेली निळी फरशी दख्खनमध्ये पंधराव्या शतकातच आली होती. महमूद गावान याने १४७२ साली बिदर येथे बांधलेल्या मदरशाच्या दर्शनी भागावर ती अद्याप अंशतः शाबूत आहे. औरंगाबादेजवळ दौलताबादच्या किल्ल्यातील चिनी महालाचे तर नावच तीवरून पडले. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर तेथील अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह यास औरंगजेबाने ह्याच महालात कैदेत ठेविले होते. परंतु ही सारी फरशी भिंतीवर आहे. कारण उघड आहे. तिचे अंग मऊ, वरचे रोगण पातळ. पायाखाली घातली असती तर थोड्याच वर्षांत निळाई पुसली जाऊन आतली माती उघडी पडली असती. ती डोळ्यांची चैन होती, पायांची सोय नव्हती. डोळ्यांपासून पायांपर्यंत उतरावयास तिला आणखी चारशे वर्षे लागली.

मध्यंतरी जो क्रांतिकारक पदार्थ आला तो मात्र अगदी साधा होता: शहाबादी दगड. गुलबर्ग्याकडील भीमेच्या खोऱ्यात आपला काळा पाषाण संपतो आणि त्याच्याहून कितीतरी जुना चुनखडक उघडा पडतो. हा खडक थराथराने साचलेला. पहारीच्या बेताने त्याच्या लाद्या जवळजवळ आपोआप सुटतात. काळ्या पाषाणास जे काम छिन्नीने दिवसभर करावे लागते, ते येथे निसर्गाने आधीच करून ठेविले आहे. अडचण होती ती वाहतुकीची. शहाबादवरून जाणारा मुंबई-मद्रास रेल्वेमार्ग १८७१ साली रायचूरपाशी जोडला गेला; आणि मनमाडहून जालन्यावरून सिकंदराबादेस जाणारा निजाम राज्यातील मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. तो मार्ग लहान रुळांचा. म्हणून दगड कोणत्याही वाटेने येवो, मोठ्या गाडीतून उतरवून लहान गाडीत एकदा चढवावाच लागे. तरीही बैलगाडीच्या मानाने हे भाडे किती तरी स्वस्त. शिवाय शहाबाद व जालना ही दोन्ही गावे तेव्हा निजामाच्याच राज्यात होती. मुंबईच्या मालावर हद्दीवर करोडगिरी भरावी लागे. शहाबादच्या दगडाला ती हद्दच आडवी येत नसे. एका राज्याच्या जकातीने एका मुलखाच्या घरांचा रंग करडा करावा, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात सापडावयाची नाही. मराठवाड्याच्या ओसऱ्यांत मात्र ती वाचता येते.

आमच्या आजोबांनी शहाबादी बसविली ती निजामी अमदानीच्या अखेरच्या वर्षांत. परंतु कोठे? ओसरीत, जेथे पक्षकार व पाहुणे बसत. आणि माजघरात, जेथे पुरुषांच्या पंगती होत. स्वयंपाकघर वगळले. पुढे १९४८ साली निजामी गेली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९८१ साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला. आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात फरशी आली. ओसरीपासून स्वयंपाकघर वीस पावलांवर आहे. तेवढे अंतर चालावयास त्या दगडास चार दशके लागली. ह्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. आजोबा कनवाळू गृहस्थ होते. पण घरात सुधारणा कोणत्या दाराने शिरते आणि कोणत्या खोलीत सर्वांत शेवटी पोहोचते, हे पाहिले म्हणजे घराची खरी राज्यघटना कळते.

कारखान्यात भाजलेली फरशी पायांखाली येण्याची कथा इंग्लंडात सुरू होते. रिचर्ड प्रॉसर नावाच्या गृहस्थाने १८४० साली जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी साच्यात जोराने दाबण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्याचा मूळ हेतू कपड्यांच्या गुंड्या करण्याचा होता. स्टोक-अपॉन-ट्रेंट येथील हर्बर्ट मिंटन याने ती कृती फरशीस लावली. ओली माती वाळताना आकसते व वाकडी होते. कोरडी भुकटी दाबली म्हणजे हजारो नग एका मापाचे निघतात. त्या मिंटनच्या फरशा मुंबईस आल्या. भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयास आता डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, ते १८७२ साली उघडले. त्याची जमीन आजही पाहणाराचे पाऊल थबकविते. पण ती चैन राजधानीची, आणि मालही विलायतेचा. त्यास स्वदेशी उत्तर दिले ते फिरोजशा व रुस्तुम सिधवा ह्या पारशी चुलत्या-पुतण्यांनी. त्यांनी १९२२ साली काढलेल्या भारत टाइल्सच्या कारखान्यात फरशी भाजीत नसत. रंगीत सिमेंट नक्षीच्या साच्यात ओतून, प्रचंड दाबाखाली दाबून, पाण्यात मुरवीत. तशा जातीच्या नक्षीदार फरशा आम्ही लहानपणी कादराबादेकडील काही व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांत पाहिल्या आहेत. त्यांवर अनवाणी चालताना आपण कोणाच्या तरी शालूवर पाय ठेवीत आहो, असे आम्हांस वाटे.

भाजलेल्या फरशीचा देशी कारखानदारीतील प्रवेश ह्याहून थोडा आडवळणाने झाला, आणि त्यात एका मराठी नावाचा भाग आहे. परशुराम गणपुले यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सौराष्ट्रात परशुराम पॉटरी वर्क्स ही चिनी मातीच्या मालाची संस्था उभारली. थान, वांकानेर आणि मोरबी ह्या भागात ह्या धंद्याचे बीज रुजविणाऱ्यांत त्यांची गणना होते. १९५८ साली ठाण्यास जॉन्सनचा कारखाना निघाला, आणि शहरी न्हाणीघरांच्या भिंती पांढऱ्या झाल्या. मोरबी तेव्हा कौले आणि भिंतीवरची घड्याळे ह्यांसाठी प्रसिद्ध होते. १९७९ साली मच्छू नदीवरील धरण फुटून त्या शहराचा जो विध्वंस झाला तो सर्वश्रुत आहे. त्यातून सावरलेल्या मोरबीने पुढील काही दशकांत देशातील फरशीचा फार मोठा वाटा आपल्याकडे घेतला. आता तेथे माती दाबली जाते, तीवर यंत्राने वाटेल ते चित्र छापले जाते, आणि बाराशे अंशांच्या आसपास तापलेल्या लांबलचक भट्टीतून, सरकत्या रुळांवरून, ती सुमारे तासाभरात भाजून बाहेर पडते. जालना आपली लोखंडी सळई देशभर पाठविते. त्या सळईच्या स्लॅबवर मोरबीची फरशी बसते. पूर्वीच्या माळवदाच्या मातीच्या घरात हे वजन कोणी चढविले नसते.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने मोठ्या अभिमानाने एक नमुना पुढे केला. करडा, किंचित निळसर, मध्येच पिवळट झाक असलेला. तो शहाबादी दगडाचे चित्र छापलेला टाईल होता. खरा दगड काढून त्याचे चित्र बसविण्याची कल्पना आम्हांस असह्य झाली, आणि आम्ही साधा, फिकट, खरखरीत पृष्ठाचा नमुना घेतला. खरखरीत घेण्याचा आग्रह मातोश्रींचा. ओल्या चकचकीत फरशीवर म्हाताऱ्या माणसाचे हाड किती सहज मोडते, हे त्यांनी गल्लीतील दोन घरी पाहिले होते.

आता आमच्या फजितीची कथा सांगणे प्राप्त आहे. काम एका ठेकेदारास दिले. दिवस उन्हाळ्याचे, गावात पाण्याची ओढ. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या गावाने टँकरपुढे रांगा लाविल्या, तेथे पाण्याची काटकसर हा सद्गुणच समजला जातो. ठेकेदाराने ती काटकसर नेमकी जेथे करू नये तेथे केली. फरशी न भिजविता, तिच्या पाठीवर मालाचे चार-पाच लाडू थापून, कडेला कड भिडवून, त्याने आठ दिवसांत घर चकाचक करून दिले. आम्ही पैसे चुकते केले. पुढल्या मे महिन्यात एका दुपारी माजघरात बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. जाऊन पाहतो तो मधल्या दोन ओळी तंबूप्रमाणे वर उचलल्या गेलेल्या! मातोश्री तेव्हा ओसरीत होत्या, हे आमचे भाग्य.

दुरुस्तीस गल्लीतलेच एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी पैशाच्या नाण्याने एकेक फरशी वाजवून पाहिली. भरीव बसलेली नेमका टणक आवाज देई, खाली पोकळ असलेली बद्द वाजे. खडूने खुणा करीत ते घरभर फिरले तेव्हा निम्म्याहून अधिक फरशांवर फुली पडली. कारण विचारले तेव्हा म्हणाले, ‘सर, फरशीला तहानलेली बसवली की ती मालातलं पाणी पिऊन टाकते. मग सिमेंट उपाशी मरतं.’ रसायनशास्त्राच्या ग्रंथात हीच गोष्ट पुष्कळ लांबवून सांगितलेली असते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. पाणी आधीच शोषले गेले तर उरते ती राखाडी भुकटी. ज्या फरशीचे अंग सच्छिद्र, ती म्हणूनच आधी पाण्यात मुरवावी लागते. आणि जी इतकी घट्ट भाजलेली, की वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही, तिला भिजवून उपयोग नाही, तिला नुसता सिमेंटचा माल धरत नाही, तिच्यासाठी निराळा चिकट मसाला लागतो. फरशी घेताना ग्राहक रंग विचारतो, भाव विचारतो. ती पाणी किती पिते हे विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

मिस्त्रींनी पिंपात फरशा बुडविल्या व बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली. खालची जमीन झाडून ओली केली. पाणसळ व दोरी लावून न्हाणीकडे उतार धरला. माल सर्वत्र सारखा पसरला, लाडू नाहीत. आणि रबरी हातोडीने फरशी ठोकून कडेने माल वर येतो की नाही ते पाहिले. दोन फरशांत बारीक फट ठेविली. भिंतीच्या कडेस त्याहून थोडी अधिक. ती नंतर भिंतीलगतच्या उभ्या पट्टीखाली झाकली जाते. ‘उन्हात फरशी फुगते, तिला पाय पसरायला जागा ठेवा,’ एवढेच त्यावर भाष्य. मग सात दिवस ओली गोणपाटे. ह्या सर्व वेळी तो साठीचा माणूस गुडघ्यांवर होता.

तिसऱ्या दिवशी मातोश्री आतून आल्या, आणि जुन्या गोधडीचा चौपदरी तुकडा त्यांच्यापुढे ठेवून म्हणाल्या, ‘गुडघ्याखाली घे रे बाबा.’ मिस्त्रींनी तो घेतला. त्या घरात ती गरज ओळखणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

ह्या ठिकाणी लेख संपविता आला असता. पण हिशेब पुरा होत नाही. कोपऱ्यातील फरशी कापण्यासाठी मिस्त्रींनी विजेचे करवत लाविले तेव्हा पांढऱ्या धुळीने ओसरी भरून गेली. त्यांनी तोंडास रुमाल बांधला होता. रुमालाने ती धूळ अडत नाही. ही सिलिकाची धूळ. कारखान्यात माती दळताना, भुकटी दाबताना ती याहून कितीतरी पटीने उडते, आणि वर्षानुवर्षे ती श्वासातून घेणाऱ्या कामगारांस सिलिकोसिस नावाचा फुफ्फुसाचा विकार जडतो, ज्यावर खात्रीचे औषध नाही. सौराष्ट्रातील फरशीच्या व चिनी मातीच्या कारखान्यांतील मजुरांत तो आढळला आहे. पाणी मारीत कापल्याने, यंत्राशेजारी धूळ ओढून घेणारी नळी बसविल्याने, योग्य मुखवटा दिल्याने तो पुष्कळ अंशी टळू शकतो. म्हणजे प्रश्न ज्ञानाचा नाही, खर्चाचा आहे.

मातीची भुई होती तेव्हा तिचे कष्ट आमच्या डोळ्यांसमोर, आमच्याच आईच्या गुडघ्यांत होते; आणि तरीही ते आम्हांस दिसले नाहीत. शहाबादीने ते शहाबादच्या खाणीत नेले, टाईलने ते मोरबीच्या भट्टीपाशी नेले. सुधारणा झाली नाही असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पावणेतीन एकरांची वेठ आमच्या मुलींच्या वाट्यास आली नाही, ह्याहून मोठी सुधारणा कोणती? सारवणाच्या वासासाठी ती परत आणू पाहणाराने आधी एक खोली महिनाभर स्वतः सारवून पाहावी. पण घरातील कष्ट दृष्टीआड झाले म्हणजे संपले, असे मानण्याचा अधिकार निदान इतिहास शिकविणारास नाही. भाव विचारतो तसे आता आम्ही दुकानात दोन प्रश्न अधिक विचारतो: फरशी पाणी किती पिते, आणि ती कापणारा माणूस कशाने कापणार आहे. पहिल्याचे उत्तर खोक्यावर छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर म्हणून गेल्या महिन्यात, शेजारच्या खोलीचे काम काढले तेव्हा, आम्ही स्वतः तांब्याने करवतीखाली पाण्याची धार धरून बसलो. काम निम्म्या वेगाने झाले, ओसरीत चिखल झाला, आणि धूळ उडाली नाही.

काढलेली शहाबादी वाया गेली नाही. तिच्या चांगल्या लाद्या परसात तुळशीभोवती बसविल्या आहेत. सकाळच्या उन्हात मातोश्री तेथे खुर्ची टाकून बसतात. परवा आम्ही मेजावरचा तो सारवणाचा तुकडा त्यांस नेऊन दाखविला. त्यांनी तो हातात फिरविला, कडेचे थर नखाने मोजण्याचा प्रयत्न केला, मग तो आमच्या हाती परत देऊन म्हणाल्या, ‘हे माझं नाही. हे सासूबाईंच्या सासूबाईंचं. माझं स्वयंपाकघरात असेल, अजून खाली.’